जिजीचा ओवारा

देवळात गेलं की माणूस आधी देवाकडे बघतो. जिजी आधी पायऱ्यांकडे बघायची. किती उंच आहेत, बाजूनं कुठं उतार आहे का. उतार नसला तर बाहेरूनच देवाला हात जोडायची आणि म्हणायची, "तू बी अडकेल शे, मी बी अडकेल शे. चालू दे." उतार असला तर मात्र पुजाऱ्याच्या आधी आत. लग्नाचा हॉल असो, बँक असो, दवाखाना असो, तिचा पहिला प्रश्न एकच: "उतार कोठे शे?" आमच्या गल्लीत एकानं दोन मजली घर बांधलं. वास्तुशांतीला सगळे वाहवा करत होते. जिजी बाहेरच आपल्या हातानं चालवायच्या तीनचाकीवर बसून पायऱ्या बघत होती. म्हणाली, "घर बेस आहे रे बाबा. पण तू म्हातारा झाल्यावर ह्या पायऱ्या तुला ओळख दाखवणार नाहीत." त्या माणसानं तिला जेवायचं ताट दिलं, पण वाढताना तोंड कडू केलं होतं.

जिजी अहिराणीच बोलायची. सुरतेत सगळी हयात गेली तरी गुजराती तिनं फक्त भांडणापुरती ठेवली. मी तुम्हाला समजेल असं सांगतो, मधूनमधून तिचं तिच्यासारखं सुटेल, तेवढं सांभाळून घ्या.

आणि मी कोण? मी लारी ओढणारा. लारी म्हणजे आमची चार चाकांची हातगाडी. कापडाचे ताके, साड्यांची पोटली, कपाटं, सगळं ओढलं. एकदा घोडी बिथरली म्हणून नवरदेवालाही ओढलं, आणि तो लग्नाला मुलीकडच्या दारात न जाता शेजारच्या सुतकाच्या घरी पोचला, कारण पत्ता मी विचारला होता. शाळेत मी दोनदाच गेलो. एकदा बापानं नेऊन सोडलं तेव्हा, आणि दुसऱ्यांदा तिथं राहिलेली चप्पल आणायला. पण तोंड चालतं. तोंडाला सर्टिफिकेट लागत नाही.

सुरतेच्या गोडादऱ्यात आमच्या गल्लीत धुळं, नंदुरबार आणि जळगाव भिंतीला भिंत लावून राहतात. जिजीचं घर कोपऱ्यात. तरुणपणी ती लूमच्या खात्यात, म्हणजे कारखान्यात, बॉबिन भरायची. एक दिवस टेम्पोतून बीम उतरवताना, म्हणजे लूमवर चढवायचा तो धाग्याचा मोठा रूळ, तो घरंगळला आणि तिच्या दोन्ही पायांवरून गेला. त्यानंतर ती उंबऱ्यात बसून साड्यांवर टिकल्या चिकटवायची. एका ट्रस्टनं हातानं पेडल मारायची तीनचाकी सायकल दिली होती, गल्लीत तिच्यावर फिरायची. नवरा लवकर गेला. एक मुलगी, ती कामरेजला दिलेली. पायांचं मी कधी विचारलं तर म्हणायची, "पाय जाऊ दे, तुझं डोकं कुठं पडलं ते शोध."

आमची ओळखच तशी झाली. मी लारी उभी करून बिडी ओढत होतो. तिनं उंबऱ्यातून हाक मारली, "लारी रिकामी शे का?"

"रिकामी आहे, जिजी."

"डोकं बी रिकामंच दिसतं. ये मग, माझी तीनचाकी घाल वर. बाजारात जायचं आहे."

तेव्हापासून दूर कुठं जायचं झालं की जिजी माझ्या लारीवर, आणि तिची तीनचाकी तिच्या शेजारी. रिक्षावाले तीनचाकी घ्यायला कुरकुरायचे. मी कुरकुरायचो, पण माझं कोण ऐकतो.

आता खरी गोष्ट. आमच्याकडे श्रावणात कानबाई बसते. रविवारी देवी बसवायची, सोमवारी सकाळी वाजतगाजत नदीवर न्यायची. बायका फुगड्या घालतात, ढोल वाजतो. सुरतेत नदी म्हणजे तापी, आणि नदीच्या घाटाला इथं ओवारा म्हणतात. आमच्या ओवाऱ्यावर पुराचं पाणी अडवायला मोठी भिंत बांधलेली. इथले लोक तिला पाळा म्हणतात. पाळ्यावरून खाली उतरायला पायऱ्या होत्या, त्याही अशा उभ्या, की मी उतरताना देवाचं नाव घ्यायचो आणि चढताना डॉक्टरचं.

मग जिजी वरच राहायची. आणि बायका खाली जाताना आपल्या चपला तिच्या लारीपाशी सोडायच्या. "जिजी, लक्ष ठेव गं." चपलांचा हा ढीग. खाली आरती चालायची, वर जिजी चपला राखायची. एका वर्षी मला म्हणाली, "देवीनं मला बोलावलं का चपलांनी?"

तिला खाली न्यायचा प्रयत्न झाला नाही असं नाही. एकदा आम्ही चार जणांनी तिला खुर्चीसकट उचललं. चौथा मी. तिसऱ्या पायरीवर माझा पाय सरकला, खुर्ची तिरपी झाली, बायका किंचाळल्या, आणि खाली पोचेपर्यंत कानबाईकडे कोणी बघतच नव्हतं, सगळे जिजीकडे. परत आल्यावर ती दिवसभर टिकल्या चिकटवत बसली. संध्याकाळी म्हणाली, "मार्केटात पोटलं उचलतात तसं उचललं मला. पोटल्याला कोणी विचारतं का, कुठं ठेवू म्हणून? माले कोनी उचलाले नको. माझी मी पाण्याला लागली पाहिजे. उतार पाहिजे."

एवढंच तिला हवं होतं. दुसरं काही मागितलं नाही कधी.

मग महापालिकेच्या ऑफिसच्या फेऱ्या सुरू झाल्या. पहिल्या फेरीला मी म्हणालो, आपण जरा पुढाऱ्यासारखं जाऊ, वजन पडतं. माझ्याकडे कोट नव्हता. बँडवाल्या मित्राचा आणला, लाल, खांद्यावर सोनेरी झालर. आत शिरताच शिपायानं मला वरून खाली बघितलं आणि विचारलं, "भाई, वरघोडो क्यां छे?" म्हणजे नवऱ्याची वरात कुठं राहिली. ऑफिसातले सगळे हसले. जिजीनं शिपायाला सांगितलं, "वरात मीच आहे. नवरा आत बसलाय, तुझा साहेब. दार उघड."

आणि साहेबांसमोर काय बोलायचं ते मी रस्ताभर पाठ केलं होतं. आत गेल्यावर पंख्याची अशी गार हवा लागली की सगळं उडालं. मी म्हणालो, "साहेब, तुमच्याकडे शिपायाची जागा आहे का?" जिजीनं कपाळाला हात लावला.

साहेब तसे वाईट नव्हते. चहा पाजायचे. पण दर वेळी तेच, "बेन, सेफ्टीनो सवाल छे." पाळा तोडता येत नाही, पूर आला तर कोण जबाबदार? जिजी म्हणायची, "पूर मी बघितलाय साहेब. माझ्या घरात पाण्यावर पातेली तरंगताना बघितली. भिंत पाहिजेच. पण भिंत पाण्याला अडवायला बांधली ना? मग मलाच का अडवते?" साहेब म्हणायचे, बघतो. ऑफिसात बघतो म्हणजे खिडकीबाहेर बघतात.

जिजीला एक गोष्ट फार टोचायची. पायऱ्यांच्या बाजूलाच एक लोखंडी फाटक होतं, कुलूप लावलेलं. त्याच्यामागून नदीपर्यंत कच्चा उतार होता. गाळ काढायला जेसीबी उतरवायचे, त्याच्यासाठी. जिजी ते फाटक बघून म्हणायची, "यंत्राला उतार, माणसाला पायऱ्या. पुढच्या जन्मी जेसीबी होते."

शेवटी साहेबांनीच तोडगा काढला. म्हणाले, रस्त्याच्या कडेला वरच एक कुंड बांधून देऊ. त्यात नदीचं पाणी सोडू. तुमची देवी तिथंच बुडवा, खाली जायची कटकट नाही. मला इतका आनंद झाला की मी लगेच साहेबांचे पाय धरले. मला वाटलं, जिंकलो. जिजीनं माझ्याकडे बघितलं आणि साहेबांना म्हणाली, "साहेब, हा माणूस माझ्या बाजूचा नाही. याची लारी तेवढी माझ्या बाजूची आहे." मग म्हणाली, "माझं माहेर सारंगखेड्याजवळ, तापीच्या काठावर. ही नदी माझ्या माहेरावरून इथवर चालत आली. एवढी वाट तिनं काढली. आता राहिलेलं हातभर अंतर तिला बादलीत घालून आणायचं? तेवढी वाट मी काढते."

साहेब पाणी प्यायले.

त्या वर्षी गल्लीची कानबाई डोक्यावर न्यायचा मान फिरत फिरत जिजीच्या घरावर आला. बायका म्हणाल्या, मुलीला दे. जिजी म्हणाली, "मान मन्हा शे." मग ती लारीवर बसली, कानबाई तिच्या डोक्यावर, दोन्ही हातांनी धरलेली, आणि मी ओढतोय. सगळ्यांना वाटलं, पायऱ्यांपाशी आली की देईल दुसरीच्या डोक्यावर. पण आमच्यात एक रीत आहे. सोमवारी उचललेली कानबाई पाणी येईपर्यंत खाली टेकवायची नाही. आणि मान ज्या घराचा, त्या घरानंच पाण्याला लावायची. पायऱ्या आल्या. एक बाई पुढं झाली, "आण जिजी."

"नाही."

"अगं, मग देवी खाली कशी जाईल?"

"मी जाईन तशी."

झालं. देवीच्या पुढं कोणी जात नाही. आमची मिरवणूक थांबली, मागून दुसऱ्या गल्ल्यांच्या कानबाया आल्या, त्याही थांबल्या. रस्ता भरला. ढोलवाले वाजवून वाजवून घामाघूम. जिजीची मान थरथरायला लागली होती, पण हात खाली आले नाहीत.

आता इथं माझी अक्कल आली. खरं तर ती सकाळीच येऊन गेली होती. कानबाईचे रोट असतात, पुरणाचे. ते फक्त भाऊबंदांनी खायचे. बाहेरच्याला तुकडा नाही, उरलेलं सुद्धा घराबाहेर जाऊ द्यायचं नाही. माझे दोन रोट मी फडक्यात बांधून लारीला लटकवले होते, भूक लागली तर म्हणून. पहाटे मी ओवाऱ्यावर रस्ता कसा आहे ते बघायला आलो होतो, तर फाटकावर वॉचमन रामधनी, यूपीचा, उपाशी बसलेला. मी विचार केला, याला खूश केलं तर हा फाटक उघडेल. दिले दोन्ही रोट. त्यानं खाल्ले, ढेकर दिला आणि म्हणाला, "बहुत बढ़िया. लेकिन गेट का आर्डर नहीं है, भाई." रोटही गेले आणि गेटही.

हे मी तिथं, त्या गर्दीत, सगळ्या बायकांसमोर सांगून बसलो. मला वाटलं, माझे प्रयत्न तरी दिसतील. एक म्हातारी ओरडली, "रोट बाहेरच्याला घातला? मेल्या, म्हणूनच देवी अडली!" दुसरीनं मला फडक्यानं मारलं, त्याच फडक्यानं, ज्यात रोट होते. कोणी म्हणालं याला नदीत टाका, तेवढाच विटाळ जाईल. मी लारीखाली बसायची जागा बघत होतो.

जिजीनं वरून विचारलं, "पूर्ण खाल्ला का त्यानं?"

"पूर्ण. बोटं पण चाटली."

"मग बाहेरचा कसा? रोट भाऊबंद खातो. त्यानं खाल्ला. म्हणजे तो भाऊबंद झाला."

म्हातारी विचारात पडली. जिजीनं मान न हलवता हाक मारली, "ओ भाऊ! इकडे बघ. तू आता आमच्या घरचा झाला. ही कानबाई आता तुझी बी देवी. आपल्या घरची देवी दारात उभी ठेवतो का कोणी?"

रामधनी उठला. "अम्मा, हमारी नौकरी चली जाएगी."

"जाईल," जिजी म्हणाली. खोटं नाही बोलली. "मी साहेबासमोर तुझ्या पुढं उभी राहीन. उभी राहता येत नाही, पण राहीन."

त्यानं तिच्या थरथरणाऱ्या मानेकडे बघितलं. मग हात जोडले, खिशातून किल्ली काढली. "देवी हैं. अब क्या करें," म्हणाला आणि फाटक उघडलं.

उतारावर श्रावणाचा गाळ. लोक म्हणाले, आम्ही पण धरतो लारी. मी म्हणालो, "कशाला? मी आहे ना." माझ्या आयुष्यातली सगळी नुकसानं या वाक्यानं सुरू झालेली आहेत. लारी उलटी फिरवून मागून दांडा धरला, चार पावलं गेलो आणि पाय निसटला. लारी सुटली. मी मागं दांडा धरून बसल्या बसल्या घसरत चाललो, धोतराचं जे व्हायचं ते झालं, आणि पुढं जिजी ताठ, कानबाई डोक्यावर, भरधाव तापीकडे. ढोल बंद पडला. लारी धाडकन पाण्यात शिरली, गाळात रुतली आणि थांबली. चाकं पाण्यात. जिजीचे पाय पाण्यात. कानबाईवरचं एक फूल सुद्धा पडलं नव्हतं.

जिजीनं एक हात हळूच सोडला, खाली वाकवला, पाण्याला लावला. आणि म्हणाली, "उनू वं माय, उनू." आले गं माय, आले.

मग बायका जे धावल्या उतारावरून, मला तुडवत गेल्या.

कुणीतरी मोबाईलवर ते सगळं काढलं होतं. संध्याकाळपर्यंत लिंबायतपासून पार सचिन गावापर्यंत सगळ्यांनी माझी पाठ बघितली, नको तेवढी. दुसऱ्या दिवशी साहेब स्वतः ओवाऱ्यावर आले. आधी ओरडले. जिजी तीनचाकीवर बसून रामधनीच्या पुढं आली आणि म्हणाली, "याच्यावर नका ओरडू. याला मी लावलं उघडायला." साहेब चाकांच्या खुणा बघत उतारावर खाली गेले, वर आले. म्हणाले, "काल वाचल्या बेन तुम्ही. उद्या कोणी बुडेल. इथं नीट उतार पाहिजे, कठडा पाहिजे."

"मी दुसरं काय सांगत होते?" जिजी म्हणाली.

लगेच झालं असं समजू नका. अजून कितीतरी फेऱ्या झाल्या, साहेब बदलले, नव्या साहेबाला पहिल्यापासून सांगावं लागलं. पण झालं. काँक्रीटचा रुंद उतार, दोन्ही बाजूंना कठडा, आणि खाली पाण्यावर पुढं गेलेला धक्का, तिथं चाकाची खुर्ची वळेल एवढी जागा. रामधनीची मात्र बदली झाली, सचिनला एका गोडाऊनवर. नोकरी राहिली ती जिजीनं साहेबांचं डोकं खाल्लं म्हणून. तेव्हापासून दर कानबाईला त्याचे रोट मी सचिनला पोचवतो. तो आधी फोन करून विचारतो, "भाईबंद, निकले क्या?"

उद्घाटनाला मोठे लोक आले. मांडव, स्टेज, हार. स्टेजला चढायला पायऱ्या! माईकवरून नाव पुकारलं, "जिजीबेन स्टेज पर पधारो." जिजी खालूनच म्हणाली, आणि तिला माईक लागत नाही, "मी खालीच बरी. ज्याला भेटायचं त्यानं उतरावं." सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मग एकेक जण पायऱ्या उतरून खाली आला. हार तिच्या गळ्यात पडले ते रस्त्यावर.

गर्दी गेल्यावर जिजी मला म्हणाली, "तीनचाकी घे उताराच्या तोंडाशी." मी नेली आणि सवयीनं मागचा दांडा धरला.

"सोड."

"अगं, उतार आहे, ब्रेक..."

"सोड म्हणते ना. तू नको."

मी सोडला. ती हातानं ब्रेक दाबत, थोडं सोडत, थोडं दाबत, हळूहळू खाली गेली. धक्क्याच्या टोकाला पोचली, गाडी वळवली, कठड्याला लावली आणि पाण्याकडे बघत बसली. मी वरून ओरडलो, "जिजी, येऊ का?" तिनं मागं न बघता हात हलवला. नको. मी रिकाम्या लारीवर बसलो. हातांचं काय करायचं ते समजेना. डोळ्यात काहीतरी गेलं. धूळ म्हणावी तर तिथं सगळं काँक्रीट.

पुढं ती रिक्षानं जायला लागली. तीनचाकी घ्यायला तयार असा एक रिक्षावाला तिनं शोधला होता, म्हणजे भांडून तयार केला होता. मला आठवड्यानं कधी दिसली तर म्हणायची, "काय रे, लारी अजून पाण्यातच चालवतो का?" शेवटचं दुखणं कामरेजला मुलीकडे काढलं. अस्थी ओवाऱ्यावर आणल्या तेव्हा मी भांडं उचलायला पुढं झालो. मुलगी म्हणाली, "मामा, राहू द्या." तिनं ते भांडं जिजीच्या तीनचाकीवर ठेवलं आणि गाडी उतारावरून खाली नेली. कोणी उचललं नाही.

आता तिथं पाटी आहे, गुजरातीत. त्यावर जिजीचं पूर्ण नाव आहे, नवऱ्याच्या नावासकट, आडनावासकट. गल्लीतल्या अर्ध्या लोकांना ती दुसरीच कोणी बाई वाटते. पण रिक्षावाल्यांना नुसतं "जिजीनो ओवारो" म्हणा, आणून सोडतात.

मी सकाळी जातो कधी कधी. उताराच्या मधोमध उभा राहतो, आणि कोणी नवीन दिसला की सगळी गोष्ट सांगतो, बीमपासून रोटापर्यंत, हातवारे करून. परवा अशीच रंगात आली होती. मी लारी सुटली तिथवर आलो होतो, हात पसरून दाखवत होतो, लारी अशी, मी असा. मागून आवाज आला. एक गुजराती बा, म्हणजे आजी, पांढरी साडी, चाकाच्या खुर्चीत, एकटी. हातानं चाकं फिरवत खाली चालली होती.

"भाई, वच्चेथी खसो ने."

मधून बाजूला व्हा, म्हणत होती. मी म्हणणार होतो, बा, हा उतार कुणामुळे झाला, माहीत आहे का? पण तिला घाई होती, ऊन वर येत होतं, आणि एवढ्या मोठ्या रुंद उतारावर वाटेत अडथळा म्हणून उरलो होतो तो मी एकटाच.

सरकलो.